दहा मिनिटं माझीही

"काय बाई, या वयात गेम?" आमच्या बचत गटात हशा पिकला. मैत्रिणींनो, मी ब्राउझरवर निंजांचा खेळ खेळते. निंजा म्हणजे जपानमधले जुन्या काळचे हेर. समोरून शत्रू येतात, आपण वाडा राखायचा. मिळालेल्या नाण्यांत कुठला पहारेकरी कुठं उभा करायचा, ते आपण ठरवायचं. पहिल्याच फेरीत सगळी नाणी उडवली की पुढं हात रिकामे. महिनाअखेर निभावणारीला हे वेगळं शिकवावं लागत नाही!

पूर्वी असे बरेच खेळ 'फ्लॅश'वर चालत. 31 डिसेंबर 2020 ला अडोबी कंपनीनं ते बंद केलं. सायबर कॅफेत तेव्हा बहुतेक मुलंच दिसायची. हिंगणघाट काय, आर्वी काय, मुलीला तिथं एकटं कोण पाठवणार? आता खेळ मोबाइलवर आला, तरी तिच्या हाती फोन दिसला की "भांडी घास आधी." भाऊ तासभर खेळला तरी चालतं. मला हे मुळीच पटत नाही. वेळ बांधून द्या, पण दोघांना सारखीच.

आणि स्वतःसाठीही दहा मिनिटं मागा. मी मागितली. त्या दिवशी चहा यांनी केला, साखर जरा जास्तच पडली.