नगराध्यक्ष केवळ गटारांपुरताच?

गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस पुण्यावरून कोल्हापूरला जाते, विदर्भ एक्सप्रेस मुंबई गाठते. या दोन्ही गाड्यांतून धानपट्ट्याची तरुण पिढी पश्चिमेकडे निघून जात आहे. पदवी पदरी पडलेला मुलगा परक्या शहरात कंत्राटी कामगार होतो आणि गावी आईवडील सणावारी त्याची वाट पाहतात. हे दुःख नगर परिषदेच्या दारी नेले, की ठरलेले उत्तर मिळते : रोजगार हा आमचा विषय नव्हे; आमच्याकडे रस्ते, पाणी आणि गटारे.

हे उत्तर जितके सोयीचे, तितकेच चुकीचे आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली. राज्यांनी पालिकांकडे सोपवावयाच्या अठरा विषयांपैकी तिसराच विषय 'आर्थिक व सामाजिक विकासाचे नियोजन' हा आहे. नागरी दारिद्र्याचे निर्मूलनही त्याच सूचीत आहे. मग गटारांची लक्ष्मणरेषा आखली कोणी?

पहिला दोष राज्यकर्त्यांचा. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला आणि त्याच वर्षी राज्यातील नगर परिषदांची जकात गेली. नाक्यांवरच्या अडवणुकीसाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. परंतु बाजार वाढला की पालिकेचे उत्पन्न वाढते, हा धागा तुटला. तिजोरी अनुदानाकडे डोळे लावून बसू लागली. नगराध्यक्षपदाचा तर खेळच झाला. २००१ मध्ये थेट निवडणूक, २००६ मध्ये ती रद्द, २०१६ मध्ये पुन्हा थेट, २०२० मध्ये पुन्हा रद्द, २०२२ मध्ये पुन्हा थेट! त्यानंतर डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांपर्यंत कारभार प्रशासकाच्या सहीने चालला. ज्या पदाचे भवितव्य मुंबईतील सत्तांतरागणिक बदलते, तेथे दहा वर्षांचा विचार कोण करील?

दुसरा दोष स्थानिक नेतृत्वाचा. प्रफुल्ल पटेल १९८५ मध्ये याच नगर परिषदेचे अध्यक्ष होते. पुढे ते केंद्रात नागरी विमान वाहतूक आणि अवजड उद्योग ही खाती सांभाळणारे मंत्री झाले. बिरसीला वैमानिक घडविणारी संस्था आली. तिरोड्याला ३३०० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प उभा राहिला. हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु मोठा प्रकल्प वरून येतो, त्याची वाट पाहणे म्हणजे स्वतःचा पुरुषार्थ नव्हे. शहराची स्वतःची शक्ती कोणती?

ती राईस मिलमध्ये आहे. धानाची भरडाई होते, तांदूळ पोत्यांत भरून बाहेर जातो. मात्र कोंड्याचे तेल, तुसाचे इंधन, पोहे, मुरमुरे यांचा जोडधंदा तांदळाच्या तोलामोलाने फुलला का? तेंदूपत्त्याची विडी वळण्यात ज्या माताभगिनींचे आयुष्य गेले, त्यांच्या हातांना उद्या कोणते काम? जबलपूरचा अरुंद लोहमार्ग ब्रॉडगेज झाला, हावडा-मुंबई मार्ग पूर्वीपासूनच होता. एवढ्या मोठ्या जंक्शनाच्या शहरात मालाची उलाढाल वाढविण्याचा विचार कोणी करावयाचा?

नगराध्यक्ष कारखाना काढू शकत नाही, हे मान्य. परंतु उद्योजकाची बांधकाम परवानगी ठरल्या मुदतीत देणे, पालिकेचे गाळे मर्जीतल्यांऐवजी महिला बचत गटांना खुले करणे, २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार हातगाडीवाल्याला हक्काची जागा देणे, यांसाठी मुंबईला साकडे घालण्याची गरज नाही. अर्थसंकल्प मांडताना वर्षभरात किती हातांना काम मिळाले, याचा हिशेब जाहीर करणे तर मुळीच अवघड नाही.

तिसरा दोष आपला. मत मागावयास आलेल्या उमेदवाराला आपण नळाची धार आणि गल्लीतला दिवा एवढेच विचारतो. पुढच्या खेपेस एकच प्रश्न विचारू या : आमच्या मुलाला गोंदियातच राहता यावे, यासाठी आपण काय करणार? त्या प्रश्नावर जो निरुत्तर होईल, त्याला गटारांचा ठेका मिळो; शहराचे नेतृत्व मात्र नको.