तारण कृपेने, मग कष्ट कशासाठी?

ख्रिस्ती धर्मविचारात तारण, म्हणजे पापापासून माणसाची होणारी सुटका, देवाच्या कृपेने मिळते असे मानले जाते. ही कृपा म्हणजे कोणत्याही मोबदल्याविना मिळालेले दान होय. या सिद्धान्ताच्या आडोशाने कष्टाविषयी दोन परस्परविरोधी मते वाढली आहेत. जे मिळवायचे ते फुकट मिळालेच आहे, तेव्हा हाताचे काम ही केवळ पोटाची लाचारी असून भक्ताने ते शक्य तितके टाळावे, असे एक मत म्हणते. तर कष्ट आणि त्यांतून येणारी बरकत ही देवाच्या पसंतीची खूण आहे, असे दुसरे. दोन्ही मतांचे पुरस्कर्ते पवित्र शास्त्राचा आधार देतात, आणि दोघेही तो अर्धाच वाचतात.

पहिल्या मताचा सर्वांत सविस्तर पूर्वपक्ष, म्हणजे खंडनासाठी आधी मांडलेली प्रतिपक्षाची बाजू, इ. स. 400च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील कार्थेज येथे उभा राहिला. तेथील काही मठवासी हाताने काम करण्यास नकार देत. आकाशातील पाखरे पेरीत नाहीत व कापणी करीत नाहीत, तरी देव त्यांना खाऊ घालतो, या मत्तयाच्या शुभवर्तमानातील येशूच्या शिकवणीकडे ते बोट दाखवीत. काम न करणाऱ्याने खाऊ नये हा प्रेषित पौलाचा दंडक पुढे केला, तर पौलाला तेथे प्रार्थना, वाचन आणि उपदेश हे आध्यात्मिक काम अभिप्रेत आहे, असे उत्तर देत. कार्थेजचा बिशप ऑरेलियस याच्या विनंतीवरून संत ऑगस्टीन याने या वादावर ‘मठवासीयांचे काम’ या अर्थाच्या शीर्षकाचा लॅटिन ग्रंथ लिहिला. त्यातील युक्तिवाद आजही धारदार वाटतो. पाखरांचा दाखला द्यायचा तर तो शेवटपर्यंत पाळावा, पाखरे धान्य साठवीत नाहीत, दळीत नाहीत, शिजवीतही नाहीत, मग या मठांत कोठार आणि चूल कशासाठी, असा त्याचा सवाल आहे. हातांना काम असताना मुखाने स्तोत्रे गाता येतात, हे वल्हवणाऱ्या नावाड्यांनाही ठाऊक असते, असे सांगून तो प्रार्थनेची सबबही काढून घेतो. रोज ठरावीक वेळ हाताने काम करावे आणि उरलेला वेळ वाचनात व प्रार्थनेत घालवावा, हे इतरांचे तंटे सोडवीत बसण्यापेक्षा आपल्याला अधिक आवडले असते, असेही तो नमूद करतो. त्या काळी बिशपला न्यायनिवाड्याचे काम करावे लागे, हे लक्षात घेतले म्हणजे या कबुलीतला वैताग कळतो.

ऑगस्टीनची एक बाजू मात्र लंगडी आहे. आपली मालमत्ता गोरगरिबांना वाटून मठात आलेल्या श्रीमंतांना कष्टाची सवय नसते, म्हणून त्यांना तो सवलत देतो. गुलामगिरीतून, शेतातून किंवा कारागिरीतून आलेल्यांना मात्र ती नाही. श्रीमंतानेही काम केले तर ते अधिक स्तुत्य, असे तो म्हणतो खरा, पण जन्माने कष्टकरी असलेल्याकडे संशयाने पाहण्याची रोमन समाजाची सवय येथे पूर्ण सुटलेली नाही.

श्रम हा मुळात शापच आहे, या आक्षेपाला फार वेळ देण्याचे कारण नाही. घाम गाळून भाकर मिळवावी लागेल हा निवाडा उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात, म्हणजे पतनानंतर येतो. पण एदेन बागेची मशागत व राखण करण्याचे काम माणसाकडे त्याआधीच, दुसऱ्या अध्यायात सोपवलेले आहे. शापाने कामात क्लेश आणि नापिकी आणली. कामाची निर्मिती मात्र शापाची नव्हे.

दुसरे मत अधिक प्रतिष्ठित आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर याने 1904-05 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रॉटेस्टंट नीतीवरील निबंधात असे दाखवले, की आपले तारण देवाने आधीच ठरवले आहे की नाही या चिंतेने ग्रासलेल्या कॅल्विनपंथीयांनी आपल्या व्यवसायातील शिस्तबद्ध, अखंड कष्टांत खात्रीची खूण शोधली, आणि या वृत्तीचा आधुनिक भांडवलशाहीच्या घडणीला हातभार लागला. वेबर एका ऐतिहासिक परिणामाचे वर्णन करीत होता, हे विसरून त्याचा सिद्धान्त ख्रिस्ती कष्टाची महती म्हणून मिरवला जातो. शुभवर्तमानाशी मात्र ही महती जुळत नाही. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिवसभर उन्हात राबलेल्याला आणि शेवटच्या तासाला आलेल्याला एकच मजुरी मिळते. आणि भरघोस पिकानंतर मोठी कोठारे बांधू पाहणारा लूककृत शुभवर्तमानातील जमीनदार देवाच्या दृष्टीने मूर्ख ठरतो. शिवाय दहा आज्ञांतील शब्बाथाची, म्हणजे साप्ताहिक विश्रांतिदिनाची, आज्ञा मालकाबरोबर दासदासींना, परक्यांना आणि गुराढोरांनाही काम थांबवायला लावते. ज्या श्रमाला थांबता येत नाही त्याला भक्ती म्हणणे धाडसाचे आहे.

मग मूल्य कशात? पौलाच्या वर्तनात याचे उत्तर सापडते. करिंथ येथे तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या दांपत्याबरोबर तंबू करण्याचा धंदा करीत राहिला. उपदेशकाने मंडळीकडून निर्वाह घेणे हा हक्क आहे हे मान्य करूनही त्याने तो वापरला नाही, कारण कोणावर भार पडू नये अशी त्याची इच्छा होती. रोजंदारीला आणि बहुतेक कारागिरीला सिसेरोसारखा रोमन विद्वान हलके लेखीत होता, अशा जगात हे वर्तन लहान नव्हते. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात याचे पुढचे पाऊल आहे: चोरी करणाऱ्याने ती सोडून हाताने कष्ट करावेत, ते गरजवंताला देण्याजोगे काही आपल्याजवळ असावे म्हणून. कष्टाचा हेतू येथे पुण्यसंचय नाही, संपत्तीही नाही; दुसऱ्याच्या श्रमावर न जगणे आणि दुसऱ्याला देता येणे, हा आहे.

पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये या हेतूला प्रत्यक्ष रूप आले. 1896-97च्या दुष्काळात आणलेल्या मुली व विधवा तेथे आश्रित म्हणून आल्या, पण आश्रित म्हणून ठेवल्या गेल्या नाहीत. शेती, विणकाम आणि छापखाना त्यांच्या हाती आला, आणि रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराची छपाईही तेथेच झाली. दयेवर चालणाऱ्या संस्थेत श्रमाला इतके स्थान देणे कोणाला कठोर वाटू शकेल. परंतु ज्या विधवेला समाजाने केवळ ओझे मानले होते, तिच्या हातून इतरांच्या उपयोगी पडणारे काहीतरी घडणे हा त्या दयेचाच भाग होता.

या मांडणीविरुद्ध शेवटचा आक्षेप असा, की न राबणाऱ्याने खाऊ नये हा दंडक भुकेल्याच्या तोंडावर मारायला फार सोयीचा आहे. आणि तो तसा मारला गेलेलाही आहे. परंतु थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील तो दंडक काम करण्यास नकार देणाऱ्यांसाठी आहे. आजारी, वृद्ध किंवा काम न मिळालेले लोक त्याच्या कक्षेत येत नाहीत. त्याच पौलाने मासेदोनिया, अखया व इतर प्रांतांतील मंडळ्यांकडून यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी गोळा केली आणि ती पोहोचवण्यासाठी तो स्वतः निघाला. त्या गरिबांना त्याने आधी काम दाखवायला सांगितल्याची नोंद त्याच्या पत्रांत कोठेही नाही.