लहरी लोकांच्या, हुकमत मालकांची

अमेरिकेतील ‘अल्बम रॉक’ रेडिओ केंद्रे एकामागून एक बंद पडली, याचे खापर श्रोत्यांच्या बदललेल्या रुचीवर फोडले जाते. हा मालकवर्गाचा सोयीस्कर युक्तिवाद आहे.

१९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या केएमपीएक्स केंद्रावर टॉम डोनाह्यू याने खपाऊ गाण्यांऐवजी अल्बममधील दीर्घ रचना वाजविण्यास आरंभ केला, तेव्हा कोणती तबकडी लावायची हे निवेदक ठरवीत असे. श्रमिकाच्या हाती श्रमाबरोबर निर्णयही होता. भांडवलाला हे फार काळ सोसवत नाही. सत्तरच्या दशकात ली एब्रॅम्ससारखे सल्लागार आले. त्यांनी पाहण्या करून गाण्यांच्या याद्या बांधल्या आणि त्या गावोगावच्या केंद्रांना विकल्या. ज्या संगीताचा उगम कृष्णवर्णीयांच्या ब्लूजमध्ये, त्याच्या यादीतून जिमी हेंड्रिक्ससारखा अपवाद सोडता कृष्णवर्णीय कलावंतच बव्हंशी वगळले गेले. तेव्हा त्या ‘सुवर्णकाळा’चे गोडवे जरा बेतानेच गावेत.

तरीही बोस्टनच्या डब्ल्यूबीसीएन केंद्राची हकीकत कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. फेब्रुवारी १९७९ मध्ये नव्या मालकाने १९ कर्मचाऱ्यांना एकाएकी काढून टाकले. सर्वांनी संप पुकारला, श्रोते पाठीशी उभे राहिले आणि सुमारे तीन आठवड्यांत मालकाला नमते घ्यावे लागले.

समोर दिसणाऱ्या मालकाशी असे लढता येते. परंतु १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती केंद्रे बाळगावीत यावरील मर्यादाच उठवली. आणि त्यावर स्वाक्षरी केली डेमोक्रॅटिक अध्यक्ष क्लिंटन यांनी! काही वर्षांतच क्लिअर चॅनल या एका कंपनीकडे बाराशेहून अधिक केंद्रे गेली. एका शहरात मुद्रित केलेला आवाज दुसऱ्या शहरांत ‘स्थानिक’ म्हणून ऐकवला जाऊ लागला. ऑगस्ट २००९ मध्ये सीबीएसच्या ताब्यातील डब्ल्यूबीसीएन एफएमवरून उठले व त्याच फेरबदलात क्रीडावार्तांचे केंद्र आले. इंटरनेटने रेडिओ मारला म्हणणाऱ्यांनी तारखा पाहाव्यात: स्पॉटिफाय अमेरिकेत पोचले २०११ साली.

आपल्याकडे तर ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा न्या. पी. बी. सावंत यांनी १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात दिला. पुढे त्याच लहरींवरील एफएम परवाने लिलावात विकले गेले. त्याविरुद्ध पक्षाने किती मोर्चे काढले, हे कार्यकर्त्यांनी पुढच्या बैठकीत नेतृत्वाला विचारावे.