चिमणी जपाल, पण साचाखात्याचे काय?

जुन्या गिरण्या, कारखाने, रेल्वेचे शेड हा आपला वारसा आहे, तो जपला पाहिजे, असे हल्ली पुष्कळ लोक बोलतात. जपावा, आपली हरकत नाही. पण जपणार काय आणि सांगणार कोणाची गोष्ट, हे आंबेडकरी तरुणांनी विचारलेच पाहिजे. वीट बोलत नाही. विटेशेजारी पाटी लावणारा बोलतो, आणि पाटी लावणारा कोण आहे यावर इतिहास ठरतो.

आपल्या शिरूर तालुक्याच्या वेशीवरचेच उदाहरण घ्या. कोरेगाव भीमाला नदी ओलांडली की पेरणे येते आणि विजयस्तंभ दिसतो. तो इंग्रजांनी स्वतःच्या फौजेच्या गौरवासाठी उभारला, आपल्यासाठी नाही. तरीही आपल्याला त्यात आपला इतिहास सापडला. का? तर दगडावर नावे कोरलेली होती. मृतांच्या 49 नावांपैकी 22 नावे महार सैनिकांची आहेत, आणि नावाच्या शेवटचा 'नाक' आजही ती ओळख सांगतो. 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब तिथे गेले. नावे नसती तर तो फक्त एक उंच दगड राहिला असता.

आता गिरणीकडे या. मुंबईत 1850 च्या दशकात पहिली कापड गिरणी सुरू झाली आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत गिरणगाव उभे राहिले. पुणे, सातारा, नगर, रत्नागिरी या जिल्ह्यांतली माणसे तिथे राबायला गेली. त्यांत आपलीही माणसे होती. पण गिरणीत सगळ्यांना सगळी खाती खुली नव्हती. साचाखाते म्हणजे विणकामाचे खाते. तिथे मजुरी जास्त मिळे, आणि तेच खाते अस्पृश्यांना बंद होते. कारण काय सांगत? धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा आम्ही तोंडाला कसा लावायचा, म्हणून सवर्ण विणकर अडून बसत. परिणामी आपली माणसे सूतकताईत आणि हलक्या मजुरीच्या कामांत अडकली.

इथे नीट लक्ष द्या. हा दरवाजा एकट्या मालकाने बंद केला नव्हता. शेजारी राबणाऱ्या, त्याच चाळीच्या परिसरात राहणाऱ्या, त्याच संपात उतरणाऱ्या कामगारानेही तो आतून लावून घेतला होता. 1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला. संप सगळ्यांचा असेल तर साचाखातेही सगळ्यांचे झाले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. 'कामगाराला जात नसते' असे आजही भाषणात ठणकावून सांगणाऱ्यांनी या एका धोट्याचे उत्तर द्यावे.

मुंबई महापालिकेने काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक 2-3 च्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालयाचे काम हाती घेतले आहे. तिथे यंत्रे दिसतील, चिमणी दिसेल, 1982 च्या संपाचे फोटोही दिसतील. पण धोट्याशेजारी वरची हकीकत लिहिली जाणार आहे का? दादरची इंदू मिल तर आपल्या चळवळीने लढून मिळवली. 6 डिसेंबर 2011 ला कार्यकर्ते आत घुसले, त्यानंतर साडेबारा एकर जागा स्मारकासाठी मिळाली आणि 11 ऑक्टोबर 2015 ला भूमिपूजन झाले. तेव्हापासून आपण पुतळ्याची उंची किती, काम कधी संपणार, यावर भांडतो आहोत. भांडले पाहिजेच. पण ज्या धंद्यात बाबासाहेबांच्या माणसांना साच्यावर हात लावू दिला नाही, त्याच धंद्यातल्या एका गिरणीच्या जमिनीवर बाबासाहेब उभे राहणार आहेत, ही गोष्ट स्मारकात एका दालनात तरी सांगा, अशी मागणी आपल्यातल्या किती जणांनी केली?

जगात असे करून दाखवलेले आहे. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ स्टायल या गावी सॅम्युएल ग्रेग याने 1784 मध्ये सुरू केलेली क्वॉरी बँक ही कापड गिरणी जपून ठेवली आहे. ती पाहणाऱ्याला नुसते पाणचक्कीचे कौतुक ऐकवत नाहीत. गिरणीत राबणारी अनाथ, गरीब मुले जिथे ठेवली जात, ते घरही दाखवतात. ग्रेग कुटुंबाचे डोमिनिका बेटावर गुलामांच्या श्रमावर चालणारे मळे होते, हेही आता तिथल्या इतिहासात सांगितले जाते. तिथेही हे सुखासुखी झाले नाही, अशा गोष्टी सांगण्यावरून इंग्लंडात वाद पेटले. मालकाच्या वारसांना पूर्वजाचा हिशेब आवडत नाही, हे सगळीकडे सारखेच.

मुंबई दूर वाटत असेल तर दौंडला चला. दौंड हे रेल्वेने घडवलेले गाव. 1878 मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन झाले. वाफेच्या इंजिनांचे शेड आले, रेल्वेच्या वसाहती आल्या. याच मार्गाच्या दुसऱ्या टोकाला, मनमाडला, 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 रोजी जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांनी सांगितले ते तिथेच. आपण तेवढे एक वाक्य पाठ केले आणि बाकीचे भाषण विसरलो. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून आयुष्य काढतो, असे ते म्हणाले. त्याला पोर्टर करत नाहीत, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरकाम करून घेतो आणि घरात अस्पृश्य चालत नाही. वर्कशॉपमध्ये तो मिस्त्री, फोरमन होऊ शकत नाही. दौंडच्या जुन्या शेडचा फोटो टाकून 'आठवणीतले दौंड' लिहिणाऱ्यांना रूळ दिसतो. रुळाखाली खडी भरणारा दिसत नाही.

हे सगळे जुने झाले असे कोणी म्हणेल. मग आजच्या खुणा पाहू. शिरूर तालुक्यात न्हावऱ्याचा घोडगंगा साखर कारखाना अलीकडच्या हंगामांत बंद पडला. दौंड तालुक्यात पाटसचा भीमा कारखाना काही काळ बंद राहून खासगी कंपनीकडे चालवायला गेला. उद्या या कारखान्यांचाही इतिहास लिहिला जाईल. त्यात संस्थापक येतील, चेअरमन येतील, सभासद येतील, कायम कामगारही येतील. ऊसतोड मजूर कुठे येईल? बीडहून, नगरहून येणाऱ्या या मजुरांत दलित, बंजारा, वंजारी मोठ्या संख्येने आहेत. कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांचे नाव नसते. मुकादमाच्या वहीत असते, तेही उचलीच्या आकड्यासमोर. नवराबायको मिळून त्यांची मोजणी 'एक कोयता' अशी होते. माणूस मोजायचा तोही हत्याराच्या नावाने! हंगाम संपला की त्यांच्या कोप्या मोडतात आणि खूणच उरत नाही.

रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत वेगळे काय चालले आहे? खासगी कंपनीला आरक्षण लागू नाही, आणि कंत्राटी कामगाराची नोंद ठेकेदाराकडे. झाडू, गटार, घातक रसायनांची हाताळणी कोणाच्या वाट्याला आली, हे पन्नास वर्षांनी कोणत्या कागदावरून कळणार?

काही कार्यकर्ते म्हणतात, पोट भरायची मारामार असताना वारसाबिरसा हवा कशाला, ते पोट भरलेल्यांचे चोचले. मित्रांनो, ज्याची नोंद नाही त्याचा हक्क नाही. थकलेली मजुरी असो, घर असो, भरपाई असो, पहिला प्रश्न येतो तो पुराव्याचा. संप करून देशोधडीला लागलेल्या गिरणी कामगारांच्या वारसांना घरासाठी अर्ज करतानाही गिरणीत काम केल्याचा कागदच दाखवावा लागला. नोंद ही भाकरीचीच गोष्ट आहे.

म्हणून कामाला लागा. दौंडच्या रेल्वे वसाहतीतल्या, शिरूरच्या गावागावांतल्या म्हाताऱ्या माणसांकडे जा. कोणत्या खात्यात होता, त्या खात्यात बाकी कोण होते, बढती कोणाला मिळाली, पाण्याचा माठ एकच होता का, हे विचारा आणि लिहून घ्या. पगाराच्या चिठ्ठ्या, पास, युनियनच्या पावत्या यांचे फोटो काढा. आजीला विसरू नका, तिचे काम तर घरच्यांनीही कधी नोंदवलेले नाही. ऊसतोडीच्या हंगामात कोप्यांवर जा आणि कोयत्यामागची दोन्ही नावे लिहा. आणि इंदू मिलच्या स्मारकात गिरणीतल्या जातीचे दालन हवे, ही मागणी प्रत्येक तालुक्यातून लेखी पाठवा.

दगडावर बावीस नावे होती म्हणून दरवर्षी 1 जानेवारीला आपण ताठ मानेने पुणे-नगर रस्त्यावर उतरतो. गिरणी, रेल्वे आणि कारखान्यातली आपली हजारो नावे अजून कुठेच कोरलेली नाहीत. ती कोरायला कोणी इंग्रज येणार नाही.

जय भीम!