जैन पिझ्झा आणि जीन्सवरचा स्कार्फ

"खाली जीन्स आणि वर हिजाब! हे कसलं सोंग म्हणायचं?"

दशलक्षण पर्वातली गोष्ट. देवळातून परत येताना आम्ही चौघीजणी खडेबाजारात ब्लाऊजपीस बघायला थांबलो होतो. समोर एक मुलगी स्कूटरवरून उतरली. जीन्स, गुडघ्यापर्यंतची कुर्ती, पायात पांढरे बूट आणि कुर्तीच्या रंगाला जुळणारा, पिना लावून नीट बसवलेला स्कार्फ. कानाशी स्कार्फमध्ये मोबाईल खोचून ती खुशाल कुणाशी तरी बोलत होती. आमच्यातली एक वरचं वाक्य बोलली, बाकीच्या हसल्या. मीही हसले. घरी आल्यावर त्या हसण्याची लाज वाटली, म्हणून हे लिहिते आहे.

सोंग का बरं? ती काळ्या बुरख्यात असती तर आपण म्हणालो असतो, "बिचारी, किती मागासलेली." स्कार्फच नसता तर म्हणालो असतो, "अगदी आपल्यातलीच दिसते की हो!" म्हणजे तिने एक तर मागासलेलं राहावं, नाही तर आपल्यासारखं व्हावं. मी आजची मुलगीही आहे आणि मुसलमानही आहे, असं तिने एकाच पोशाखात सांगितलं की ते आपल्याला पचत नाही.

आणि मैत्रिणींनो, आपण काय करतो? आपली मुलं पिझ्झा खातात, पण जैन पिझ्झा. पावभाजी खातात, पण बटाट्याऐवजी कच्ची केळी घातलेली. बंगळूरला कंपनीत नोकरी करणारी माझी भाची सूर्यास्ताच्या आत डबा उघडते. तिला कुणी "एवढी शिकलीस आणि हे काय?" म्हटलं तर आपण चिडतो. नव्या जगात राहून धर्म सांभाळला म्हणून चारचौघीत तिचं कौतुक सांगतो. भाची ताटात जे करते, तेच ती मुलगी कपड्यांत करते. एकीचं ते संस्कार आणि दुसरीचं ते सोंग?

बुर्किनी नावाचा अंगभर पोहण्याचा पोशाख ऑस्ट्रेलियातल्या आहेदा झानेट्टी या बाईंनी २००४ मध्ये काढला. अंग झाकायचं म्हणून काठावर बसून राहणाऱ्या मुलींना त्यामुळे पाण्यात उतरता आलं. २०१६ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या काही गावांनी किनाऱ्यावर त्याच पोशाखाला बंदी केली. तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ऑगस्टमध्ये एका गावाची बंदी थांबवली, तेव्हा कुठे जरा शहाणपण आलं. बाईला मोकळी करायची म्हणून तिलाच पाण्याबाहेर काढायचं, ही कुठली रीत?

"पण त्यांच्यावर जबरदस्ती असते हो," असं तुम्ही म्हणाल. काही घरांत असते, मी नाही कुठे म्हणते? इराणचंच बघा. १९३६ मध्ये रझाशाहाच्या राज्यात पोलीस बायकांच्या डोक्यावरचं वस्त्र ओढून काढत. क्रांतीनंतर, १९८३ मध्ये, ते न घालणारीला फटक्यांची शिक्षा कायद्यात आली. सप्टेंबर २०२२ मध्ये हिजाब नीट नाही म्हणून महसा अमिनी या २२ वर्षांच्या मुलीला पोलिसांनी धरलं. त्यांच्या ताब्यात असतानाच ती कोसळली आणि तीन दिवसांनी गेली. घाला म्हणणारे आणि काढा म्हणणारे, दोघांनीही बाईला विचारलं नाही.

आणि जबरदस्ती आपल्याकडे नव्हती का? मी लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही. ती काही माझी हौस नव्हती. पुढे तो पदर सुटला, पण माझा मी सोडला, हळूहळू. कुणी परक्याने रस्त्यात ओढला असता तर मी तो आणखी घट्ट धरला असता.

आता घरातलं बोलते. २०२२ मध्ये उडुपीच्या पदवीपूर्व कॉलेजात मुलींना स्कार्फ घालून वर्गात बसू देईनात. प्रकरण कोर्टात गेलं. १५ मार्चला कर्नाटक उच्च न्यायालयाने सांगितलं, हिजाब ही इस्लामची अत्यावश्यक प्रथा नाही. (त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयातल्या दोन न्यायमूर्तींची मतं मात्र दोन दिशांना गेली.) उच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा आमच्या मंडळात कितीतरी जणी म्हणाल्या, "बरं झालं!" अहो, सात वर्षांपूर्वीचं विसरलात? ऑगस्ट २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा-सल्लेखना ही जैनांची अत्यावश्यक प्रथा नाही असं म्हटलं, तेव्हा देशभर आपल्या लोकांनी मूक मोर्चे काढले. आमच्या धर्मात अत्यावश्यक काय हे कोर्ट कोण ठरवणार, असं आपणच विचारत होतो. महिनाअखेर सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली आणि आपला जीव भांड्यात पडला. तोच प्रश्न आज सतरा वर्षांची पोर विचारते, तर आपण म्हणतो बरं झालं!

आपले दिगंबर मुनी विहार करत येतात, तेव्हा भर बाजारातून चालतात. अंगावर धागा नाही, हाती पिंछी आणि कमंडलू. रस्त्यावर सगळ्या जातिधर्मांची माणसं असतात. त्यांनी मान राखावा अशी आपली अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. मग दुसऱ्याच्या लेकीच्या डोक्यावरचं दोन हात कापड आपल्याला का खुपावं?

त्या दिवशी देवळातलं प्रवचन उत्तम मार्दवावर होतं. गर्व सोडा म्हणून ऐकून आम्ही बाहेर पडलो आणि पन्नास पावलांवर एका पोरीला हसलो. क्षमावाणीला आपण फोनवर शंभर जणांना क्षमा मागतो, सगळे आपलेच. त्या मुलीचं नावसुद्धा मला माहीत नाही, तिची क्षमा कशी मागू? तेवढ्यासाठी एवढंच करायचं ठरवलंय, की यापुढे कुणी "सोंग" म्हणाली तर हसायचं नाही. तिथंच, रस्त्यात उभं राहून तिला बोलायचं. तुम्हीही बोला.