मुक्तस्रोत हरला नाही, अडवला गेला



मुक्तस्रोत प्रणाली मोबाइलच्या बाजारात तग धरत नाहीत, हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा निष्कर्ष घाईचा वाटतो. त्यांनी दिलेला मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसचा दाखला अर्धाच आहे. २०१४ मध्ये इंटेक्सने त्यावर चालणारा फोन १,९९९ रुपयांना आणला आणि पुढच्याच वर्षअखेरीस मोझिलाने स्मार्टफोनमधून अंग काढून घेतले, हे खरे. पण त्याच कोडवर कायओएस उभी राहिली आणि जिओफोनमधून कोट्यवधी हातांत पोचली.

अँड्रॉइडचा गाभाही मुक्तच आहे. अडते ते पुढे. प्ले स्टोअर हवे तर गूगलची सगळी ॲप्स घ्या आणि अँड्रॉइडची वेगळी आवृत्ती काढू नका, अशा अटी फोन कंपन्यांवर होत्या. म्हणूनच स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला.

गूगलच्या प्ले सेवा नसलेल्या फोनवर बँकांची कित्येक ॲप्स आजही उघडत नाहीत. तेव्हा दोष कोडला देण्यापेक्षा, निदान सरकारी ॲप्स तरी गूगलच्या सेवांवाचून चालावीत, असा आग्रह वाचकांनी धरावा.

– एक वाचक, सांगली