जुन्या फोटोतले अंतर कुणाचे : यंत्राचे की मनाचे?

१/ गेल्या उन्हाळ्यात सुरगाणा तालुक्यातील एका पाड्यावर बोहाडा पाहिला. हाती उसना रेंजफाइंडर कॅमेरा होता. फिल्म धुऊन आली तेव्हा दूरची सोंगे स्पष्ट होती आणि जवळून टिपलेले मुखवटे धूसर. त्या फसलेल्या फोटोंमुळे मी जुनी छायाचित्रे निराळ्या नजरेने पाहू लागलो. #थ्रेड #इतिहास

२/ रेंजफाइंडरच्या खिडकीत भिंगातून येणारे दृश्य दिसत नाही. दोन झरोक्यांतून आलेल्या दोन प्रतिमा दिसतात. त्या एकमेकींवर बसल्या की अंतर कळते. पाया आणि कोन यांवरून अंतर काढण्याचे हेच तत्त्व १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू झालेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे. तिथे पाया मैलांचा, इथे काही सेंटिमीटरांचा. १९३२ च्या लायका २ मध्ये ही मोजणी थेट भिंगाच्या कड्याशी जोडली गेली.

३/ मग जवळचेच का चुकते? कोन मोजण्यात यंत्र जवळ अधिकच अचूक असते. अडचण स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची आहे. ५० मिमी भिंग, एफ/२ आणि १ मीटर अंतर असताना हा पट्टा जेमतेम ५ सेंमी असतो. एफ/८ वर तो १९ सेंमीच्या आसपास जातो. पण रात्रीच्या अपुऱ्या उजेडात एफ/८ कुठून परवडणार? शिवाय सोंग संबळाच्या तालावर नाचत असते.

४/ यावर जुना उपाय आहे. कडे १ मीटरवर ठेवावे, मुखवट्याची एखादी ठळक उभी कड धरावी, स्वतः मागेपुढे झुकावे आणि प्रतिमा जुळताच बटण दाबावे. मध्यावर जुळवून नंतर कॅमेरा वळवला, तर फोकस विषयाच्या मागे जातो.

५/ आता इतिहासाकडे. ‘आदिवासींचे जुने फोटो लांबून काढलेले, म्हणजे नजर परकी’ असे आपण सर्रास लिहितो. माझ्या मते हे अर्धसत्य आहे. त्या काळातील बहुतेक रेंजफाइंडर १ मीटरच्या आत जुळतच नसत.

६/ पण यंत्राची सबब कुठवर चालते, हेही मोजता येते. ५० मिमी भिंगाला १ मीटरवर सुमारे ४६ × ६८ सेंमीचे क्षेत्र दिसते. केवळ चेहऱ्याने चौकट भरणार नाही. डोके आणि छाती मात्र सहज मावतील. माणूस त्याहून फार लहान दिसत असेल, तर ते अंतर छायाचित्रकाराने निवडलेले आहे.

७/ १८६८ ते १८७५ दरम्यान ‘द पीपल ऑफ इंडिया’चे ८ खंड निघाले. त्या काळच्या मोठ्या कॅमेऱ्यांत मागच्या काचेवर प्रत्यक्ष प्रतिमा दिसे, भाता लांबवून जवळ जाता येई. तरीही त्या खंडांत माणसे जातीजमातींचे ‘नमुने’ म्हणून मांडली गेली. तिथे दोष भिंगाचा नव्हता.

८/ म्हणून आग्रह इतकाच : छायाचित्रकारावर निवाडा देण्याआधी कॅमेरा, भिंग आणि उजेड विचारात घ्या, आणि त्यांच्या आड त्याला लपूही देऊ नका.

९/ माझ्या रिळातील एक मुखवटा अगदी स्पष्ट आला आहे. तो नाचवणाऱ्याचे नाव मात्र माझ्या वहीत नाही. मी विचारलेच नव्हते. यंदा पाड्यावर जाईन तेव्हा तो फोटो सोबत नेणार आहे आणि आधी नाव विचारणार आहे.